हिरड्याची शाई

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवते. वर्ग सहावीचा, सेमी इंग्रजीचा. म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. विज्ञान शिकवणारे सर माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे आहेत, निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. ‘माणसाला वनस्पती का लागतात’ हा भाग जुलैत आम्ही दोघांनी मिळून घेतला. विज्ञान त्यांच्याकडे, भाषा माझ्याकडे. तास चांगला झाला असं मला वाटलं, त्यांना वाटलं नाही. शाळा सुटल्यावर एसटीची वाट बघत व्हरांड्यात दोन संध्याकाळी आमचं जे बोलणं झालं, ते जवळजवळ तसंच खाली दिलं आहे. पालकसभेत आईबाप हेच वेगळ्या शब्दांत विचारतात, म्हणून ते लिहून काढावंसं वाटलं.

सर: मॅडम, आज माझ्या तासातली पंधरा मिनिटं हिरड्यावर गेली. फळ्यावर वाक्य होतं, ‘प्लांट्स गिव्ह अस फूड, ऑक्सिजन, मेडिसिन अँड शेल्टर.’ तेवढं पोरांकडून पक्कं करून घेतलं असतं तर परीक्षेपुरतं काम झालं असतं.

मी: पक्कं झालंय की सर. चोवीसच्या चोवीस वह्या मी तपासल्या. फळ्यावर घाईत तुमच्या हातून ‘मेडिसिन’मधला एक ‘आय’ सुटला होता. तो चोवीस वह्यांत सुटलाय.

सर: ती चूक माझी. उद्या दुरुस्त करतो.

मी: स्पेलिंगचं मला काही वाटत नाही. पण एकालाही तो शब्द वाचावा लागला नाही. चित्र उतरवून काढावं तसं ते वाक्य उतरवलंय. ज्या घरात मेच्या उन्हात अंगणभर बाळहिरडा वाळत असतो, त्या घरातल्या मुलीनं वनस्पती माणसाला काय देतात यावर लिहिलं आणि त्यात हिरडा नाही. हे मला बघवेना.

सर: हिरडा तिला माहीतच आहे. जे माहीत आहे त्यासाठी शाळेत कशाला यायचं? जे घरी मिळत नाही ते द्यायला आपण आहोत. घरी इंग्रजी मिळत नाही.

मी: म्हणून घरचं सगळं दाराबाहेर ठेवून आत यायचं?

सर: माझी गोष्ट सांगतो, मग बोला. दहावीपर्यंत मी मराठीतून शिकलो. विज्ञानात वर्गात पहिला. अकरावीला तालुक्याच्या गावाला सायन्सला गेलो. जीवशास्त्राच्या पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांनी मला उभं केलं आणि फोटोसिंथेसिस म्हणजे काय विचारलं. मी हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. मान खाली घालून उभा राहिलो. पुढे अर्धा तास ते जे शिकवत होते ते प्रकाशसंश्लेषण होतं आणि ते मला तोंडपाठ होतं, हे खोलीवर आल्यावर पुस्तक चाळताना कळलं. त्या वर्षी मी नापास झालो. वडिलांनी गोऱ्हा विकून माझी फी भरली होती. त्यामुळे माझ्या वर्गातल्या पोराला आधी इंग्रजी शब्द यायला हवा, बाकीचं नंतर. याबाबतीत मी हट्टी आहे.

(हे सरांनी मला पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. दहा वर्षं आम्ही एकाच खोलीत वह्या तपासतो. त्यांचा इंग्रजीचा आग्रह वरिष्ठांच्या परिपत्रकांमुळे असावा, असं मी धरून चालले होते.)

मी: सर, ‘फोटो’ म्हणजे ग्रीकमध्ये प्रकाश आणि ‘सिंथेसिस’ म्हणजे एकत्र जुळवणं. प्रकाश आणि संश्लेषण. आपला शब्द त्याच सांध्यांवर जोडलेला आहे. तुम्हाला शब्द येत होता, फक्त त्याचे दुसऱ्या गावचे कपडे तुम्ही पाहिले नव्हते. त्या दिवशी कुणी दोन मिनिटं थांबून एवढं सांगितलं असतं तर?

सर: कुणी सांगितलं नाही.

मी: मला वर्गात ती दोन मिनिटं हवी आहेत.

सर: पण प्रकाशसंश्लेषण तरी या पोरांचा शब्द आहे का? त्यांच्या घरी कोण असं बोलतं? पुस्तकी मराठी आणि इंग्रजी, दोन्ही त्यांना सारख्याच लांब. मग जी पुढे उपयोगी पडणार तीच शिकवावी. तुम्ही मातृभाषा मातृभाषा म्हणता, ती यांच्या पुस्तकात आहेच कुठे?

हे मला मान्य करावं लागलं. परिभाषेचं मराठी आणि या मुलांच्या आईच्या तोंडचं मराठी यांत एक डोंगर आहे, आणि आम्ही मराठीचे कैवारी तो डोंगर बहुतेक वेळा नजरेआड करतो. मुलं ‘झाड अन्न करतं’ असं म्हणतात. तेही त्यांचं मुळातलं म्हणणं नाही, शाळेत शिकलेलं आहे. घरी झाड मातीतून खातं.

मी: ठीक. मग तिथूनच सुरू करू. झाड मातीतून खातं असं ही मुलं मानतात. हे इंग्रजी वाक्यानं बदलेल?

सर: नाही बदलणार. त्यासाठी मी त्यांना व्हॅन हेल्माँटची गोष्ट सांगतो. सतराव्या शतकातला, ब्रुसेल्सकडचा माणूस. कुंडीत साधारण नव्वद किलो वाळवलेली माती तोलून घातली आणि सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं. पाच वर्षं नुसतं पाणी. झाड झालं सुमारे सत्त्याहत्तर किलोचं. माती परत वाळवून तोलली तर घटली होती जेमतेम मूठभर, पन्नास-साठ ग्रॅम. पोरं ओरडतात, मग झाड आलं कुठून? तो म्हणाला, पाण्यातून. निम्मं चुकला, कारण हवेतून काही येत असेल हे त्याला सुचलं नाही. झाडाचं लाकूड हे बरंचसं हवेचं झालेलं असतं, हे ऐकून पोरं हाताने हवा चाचपतात.

मी: ही गोष्ट तुम्ही कोणत्या भाषेत सांगता?

सर: मराठीत. ती इंग्रजीत सांगितली तर कुणाचे डोळे विस्फारणार नाहीत. पण मग फळ्यावर सॉइल, वेट, वॉटर, एअर हे चार शब्द लिहितो आणि त्या चारांत गोष्ट परत सांगायला लावतो. तेव्हा ते शब्द चिकटतात.

मी: आज तुम्ही तसं केलं नाहीत.

सर: आज वेळ नव्हता. तुमचा हिरडा आला.

पहिल्या संध्याकाळी बोलणं इथे थांबलं, कारण एसटी आली. मी मात्र घरी जाऊन एक उद्योग केला. वर्गातल्या एका मुलीनं दप्तरातून ओंजळभर बाळहिरडा आणला होता. बाळहिरडा म्हणजे कोवळं फळ. वाळलं की काळं होतं, सुरकुततं, जेमतेम मनुक्याएवढं उरतं. तो मी पाट्यावर ठेचला, गरम पाण्यात भिजवला आणि त्यात चार गंजके खिळे टाकून रात्रभर ठेवला. सकाळी पाणी शाईसारखं काळं झालं होतं. शाईसारखं कशाला, ती शाईच होती. हिरड्यात टॅनिन भरपूर असतं आणि टॅनिनला लोखंड भेटलं की काळा रंग धरतो. हिरडा कापणाऱ्या बाईचा विळा आणि बोटं म्हणूनच काळी पडतात. जुन्या पोथ्यांच्या काळात हिरड्याची शाई करत. चामडं कमावण्यासाठी हाच हिरडा मुंबई बंदरातून बोटींवर चढून विलायतेला जाई. दुसऱ्या दिवशी मी बाभळीच्या काड्या तासून वर्गात दिल्या आणि म्हटलं, या शाईने एकेक इंग्रजी वाक्य लिहा. एकच अट, वाक्यात तुमच्या घरातलं कुणीतरी हवं. त्या संध्याकाळी व्हरांड्यात बोलणं पुन्हा सुरू झालं.

सर: तुम्ही वाक्याचा कर्ताच बदललात म्हणायचं.

मी: हो. ‘प्लांट्स गिव्ह अस’ या वाक्यात झाड दुकानदारासारखं उभं आहे आणि आपण पिशवी घेऊन. इथे कुणाला झाडानं काही आयतं दिलेलं नाही. हिरड्याला चढावं लागतं, फांदी झोडावी लागते, वाळवावं लागतं, पाऊस आला की पळत जाऊन गोळा करावं लागतं, मग व्यापारी येतो किंवा सरकारी महामंडळाचं खरेदी केंद्र उघडतं. त्या पैशांत खरिपाचं बियाणं येतं आणि जूनमधल्या वह्या येतात. ‘माय मदर सेल्स हिरडा’ हे चार शब्दांचं वाक्य आहे, पण त्यात अर्थशास्त्र आलं, वनस्पतिशास्त्र आलं आणि इंग्रजीचा तो ‘एस’ही आला. तो ‘एस’ वर्षभर शिकवून बसत नव्हता.

सर: पण ‘हिरडा’ला इंग्रजी शब्द काय? बाहेरच्या माणसाला हे वाक्य कळेल?

मी: मायरोबॅलन. फळ्यावर लिहिला, सगळ्यांनी म्हटला. पुढची गंमत सांगते. हिरडा, बेहडा, आवळा या तिघांनाही इंग्रजीत मायरोबॅलनच म्हणत आले. आवळ्याला म्हणत ‘एम्ब्लिक मायरोबॅलन’. ते ‘एम्ब्लिक’ म्हणजे संस्कृतातला आमलक, अरबीतून फिरून तिकडे पोचलेला. मी मुलांना म्हटलं, हा शब्द इंग्रजी नाही, हा आपला आवळा आहे, प्रवास करून आलेला. मग त्यांना नाद लागला. फणसाच्या ‘जॅकफ्रूट’मधला जॅक कोण? तर मल्याळममधला चक्का, पोर्तुगिजांच्या तोंडी ‘जाका’ झालेला. ‘टीक’ म्हणजे मल्याळममधला तेक्कु, ‘मँगो’ही तिकडचाच. उलट आपला बटाटा आणि त्यांचा ‘पोटॅटो’ हे एकाच कॅरिबियन शब्दाचे दोन नातू. काजू आणि ‘कॅश्यू’ ब्राझीलमधल्या एका शब्दाचे. एक मुलगा म्हणाला, ‘मग करवंदाचं इंग्रजी करवंदच करून टाकू.’ करायला काही हरकत नाही. फणसाचं असंच झालं होतं.

सर: हे सगळं छान आहे. पण हळदीचं प्रकरण आठवतं का तुम्हाला? 1995 मध्ये जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या नावे निघालं. आपल्या प्रत्येक आजीला जे माहीत होतं ते तिकडे ‘नवीन’ ठरलं. का? तर तपासणाऱ्याच्या पुढ्यात असलेल्या कागदांत ते नव्हतं. आजीला इंग्रजी येत नव्हतं, एवढाच तिचा गुन्हा.

मी: आणि 1997 मध्ये ते रद्द कसं झालं?

सर: सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने लढा दिला. माशेलकर तेव्हा प्रमुख होते. जुने ग्रंथ आणि छापील लेख मिळून बत्तीस संदर्भ दिले.

मी: त्यांत संस्कृत होतं, उर्दू होतं, हिंदी होतं. कुणीतरी शतकानुशतकं आपल्या भाषेत लिहून ठेवलं होतं, म्हणून दाखवायला काही होतं. आजीचं नुसतं माहीत असणं पुरलं नसतं आणि नुसतं इंग्रजीही पुरलं नसतं.

सर: तरी शेवटी भाषांतर करूनच द्यावं लागलं ना? माझा मुद्दा तिथेच आहे. आपल्या पोरांपैकी कुणीतरी ते भाषांतर करणारा व्हायला हवा. पुढे सीएसआयआरने पारंपरिक ज्ञानाचं जे मोठं डिजिटल ग्रंथालय उभं केलं, ते इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, जपानी अशा भाषांत. तिथे काम करणाऱ्याला दोन्ही टोकं लागतात. या डोंगरातल्या पोराकडे एक टोक जन्मतःच आहे. दुसरं आपण दिलं नाही, तर त्याच्या झाडाबद्दल दुसरा कुणी लिहील.

मी: यावर आपलं भांडणच नाही सर. दुसरं टोक देताना पहिलं हातातून सुटतंय, एवढंच मी म्हणते.

सर: सुटतं म्हणता, पण पहिल्या टोकालाही सगळं ठाऊक असतं असं नाही. शाळेच्या कुंपणाला सदाफुली आहे. पोरांना विचारा. फूल देवाला वाहतात आणि शेळी तोंड लावत नाही, एवढंच सांगतील. त्याच झाडातून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन निघतात, त्यांतलं व्हिन्क्रिस्टीन रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांना देतात, हे त्यांच्या घरी कुणाला माहीत असणार? हे मीच सांगायचं आणि बाटलीवर नाव इंग्रजीतच असणार.

मी: ते झाड मूळचं मादागास्करचं ना?

सर: हो. जमैकात लोक मधुमेहावर तिच्या पानांचा चहा घेत. तो चहा कॅनडात संशोधकांच्या हाती आला. साखर काही कमी होईना, पण प्रयोगातल्या उंदरांच्या पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. नोबल आणि बिअर या दोघांनी त्याचा माग काढला आणि 1958 च्या सुमारास व्हिन्ब्लास्टीन हाती आलं.

मी: म्हणजे जमैकातल्या कुणाच्या तरी चहाचं कुणीतरी ऐकून घेतलं.

सर: ऐकून घेतलं, आणि मग तपासलं. चहाचा दावा चुकीचा निघाला हे विसरू नका. पोरांना मला तेही शिकवायचंय. घरचं ज्ञान म्हणून सगळं खरं असं नाही. तुमच्या हिरड्याला मी हात जोडतो, पण वर्गात हिरड्यावरही प्रश्न विचारता आला पाहिजे.

इथे सरांनी मला एक गोष्ट दिली, जी माझ्या तासात नव्हती. मी मुलांच्या घरचं वर्गात आणलं, पण त्याची आरती ओवाळली. त्यांना ते तपासायला हवं होतं. मला त्या वेळी एक पुस्तक आठवलं आणि मी त्यांना सांगितलंही. 1563 मध्ये गोव्यात गार्सिया द ओर्ता नावाच्या पोर्तुगीज वैद्याचं हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचं पुस्तक छापलं गेलं. ते सगळं पुस्तक संवादात आहे. एक ओर्ता स्वतः, दुसरा रुआनो नावाचा कल्पित पाहुणा. रुआनो युरोपातल्या ग्रंथांत काय लिहिलंय ते पुढे करतो, ओर्ता इथे डोळ्यांनी काय पाहिलं आणि इथल्या वैद्यांकडून काय ऐकलं ते सांगतो. आंब्यावर बोलणं आहे, नारळावर आहे. मायरोबॅलनवरही एक संवाद आहे, म्हणजे आपल्या हिरड्यावर.

सर: लॅटिनमध्ये लिहिलं असेल.

मी: नाही. विद्वानांची भाषा लॅटिन असताना त्याने आपल्या बोलीत, पोर्तुगीजमध्ये लिहिलं.

सर: आणि युरोपभर गेलं कसं?

मी: चार वर्षांत क्लूसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा सारांश लॅटिनमध्ये छापला.

सर: म्हणजे शेवटी लॅटिनच.

मी: पण आधी पोर्तुगीज, आणि त्याच्याही आधी ज्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही असा गोव्यातला कुणी वैद्य.

यावर दोघंही थोडा वेळ गप्प राहिलो. समोरच्या डोंगरावर ढग उतरले होते. त्या उतारावर 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची कितीतरी झाडं मुळासकट पडली. एका हिरड्याला फळ धरायला वर्षानुवर्षं जातात. त्यामुळे त्या दिवशी काही घरांचं एका पिढीचं उत्पन्न आडवं झालं. भरपाईसाठी लोकांना पुढे कितीतरी काळ मागणी करत राहावं लागलं. आमच्या सहावीतली मुलं तेव्हा अगदी लहान होती, पण त्यांतली बरीच ते वादळ आठवणीनं सांगतात. ‘वनस्पती माणसाला का लागतात’ या प्रश्नाचं उत्तर यांना फळ्यावरून देण्याची गरज नव्हती.

सर: दाखवा बघू ते कागद.

मी चोवीस कागद त्यांच्या मांडीवर ठेवले. हिरड्याची शाई वाळली की किंचित तपकिरी कडा धरते. एकेक कागद ते उजेडाकडे धरून वाचत होते. स्पेलिंग चुकलं की सवयीनं खिशातल्या लाल पेनकडे हात जात होता. ‘माय ग्रँडमदर ईट कुर्डू इन रेन.’ ‘वी हॅव नो टीव्ही, वी हॅव सिक्स हिरडा ट्री.’ ‘माय फादर से डोन्ट कट बेहडा, घोस्ट.’ हे वाचून ते हसले आणि म्हणाले, यावर तास घेता येईल, बेहड्याखाली भूत का म्हणतात ते पोरांनाच शोधून आणू दे. मग एका कागदावर थांबले. तीन ओळी होत्या.

‘माय मदर क्लाइंब हिरडा. शी फॉल. नाऊ आय क्लाइंब.’

सर: क्लाइंब्स हवं. आणि शी फेल.

मी: हो.

सर: कधी पडली?

मी: मला माहीत नाही.

सर: ‘नाऊ आय क्लाइंब’ म्हणजे ही पोरगी आता झाडावर चढते? किती वर्षांची, अकरा?

मी: अकरा.

त्यांनी लाल पेन काढलं होतं, ते टोपण न उघडताच परत खिशात ठेवलं. कागद बाकीच्यांत न मिसळता वेगळा घडी करून ठेवला. खालून घाटातून एसटीचा आवाज आला.

सर: उद्या पहिला तास माझा आहे. तिला विचारतो. इंग्रजीतच विचारतो, व्हेन डिड शी फॉल. एवढं तिला कळेल.

मी: कळेल. पण उत्तर ती मराठीत देईल.

सर: देऊ दे.